तक्त्यातली चौथी ओळ

३ जुलै

बाबा,

हाताच्या सवयीनं सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. तुम्हालाच ज्याची खात्री नाही ते मी कशाला ठामपणे लिहू?

तुमचं पार्सल काल कॉलेजच्या पत्त्यावर आलं. आमच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस आहेत. बेडकांच्या आणि गोगलगायींच्या बरण्या तेच पुसतात म्हणून सगळे त्यांना बरणीमामा म्हणतात. ते खोकं दोन्ही हातांत धरून आले आणि म्हणाले, "मॅडम, आत काचेचं काहीतरी आहे, जपून." मला वाटलं नव्या स्लाइड आल्या. त्यांच्यासमोरच उघडलं. टोकाला कापूस लावलेल्या दोन काड्या, एक बुचाची नळी, सहीचा फॉर्म, परतीचा लखोटा आणि तुमचं पत्र. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं दर जुलैत गालाच्या आतून टूथपिकनं पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बरणीमामांनी त्या काड्या पाहिल्या आणि म्हणाले, "यंदा टूथपिक बंद वाटतं." मी हो म्हणाले.

तुमचं पत्र पाच वाक्यांचं. 'चि. भोचकबाई, कानाच्या पाळीचा गुण एका जनुकावर ठरत नाही असं शेजारच्या मुलीला शिकवताना तिच्या नव्या पुस्तकात वाचलं. म्हणजे माझा तर्क कच्चा होता. माझा नमुना मी डीएनए तपासणीला दिला आहे, तुझा तू पाठव. अहवाल तुझ्याच पत्त्यावर येईल. नातं सिद्ध झालं तर मी घरी यायला तयार आहे.'

पाच वाक्यं. सव्वीस वर्षांनी. आणि त्यात 'तयार आहे'. जणू आम्ही दाराशी पायघड्या घालून बसलोय आणि तुम्हीच तेवढे अडून राहिलात.

कुठला तर्क, ते मला आधी कळेचना. मग तो रविवार आठवला. मी दहा वर्षांची. तुम्ही शाळेसाठी आनुवंशिकतेचा धडा तयार करत होता आणि म्हणालात, चल, आपल्या घराचाच तक्ता करू. मी पट्टी आणि टॉर्च घेऊन मोठ्या डॉक्टरच्या थाटात. आई खिडकीशी बसून कुणाच्यातरी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत होती. नुकतीच ती चष्म्याच्या दुकानात लागली होती आणि एखादं काम घरी आणायची. पहिली ओळ, जीभ गुंडाळता येते का. तिघांनाही येत होती, आणि तिघंही जिभा बाहेर काढून एकमेकांकडे बघत होतो. दुसरी ओळ, अंगठा मागे वाकतो का. तिसरी, कपाळावर केसांना टोक आहे का. चौथी, कानाची पाळी. तुमची गालाला चिकटलेली. आईची चिकटलेली. माझी मोकळी.

मी म्हणाले, "मी वेगळीच की." तुम्ही माझा कान पाहिलात. मग पुन्हा पाहिलात. मग माझ्या हातातून टॉर्च घेतलात आणि तिसऱ्यांदा पाहिलात. पाचवी ओळ आपण भरलीच नाही, तुम्ही म्हणालात डोकं दुखतंय.

तुमच्या पुस्तकात लिहिलं होतं की मोकळी पाळी प्रभावी, चिकटलेली अप्रभावी, आणि आईवडील दोघांची चिकटलेली असेल तर मुलाची मोकळी असूच शकत नाही. दोन महिन्यांनी तुम्ही लांबच्या शाळेत नोकरी धरलीत. आधी सुट्टीत येत होता, मग तेही थांबलं. मी सव्वीस वर्षं कारण शोधत होते. ते माझ्याच डोक्याला लटकत होतं.

नमुना मी पाठवणार नाही.

—

१२ जुलै

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही लिहिता, 'तिला विचारलं असतं तर तिचा अपमान झाला असता.' वा. तिचा एका मिनिटाचा अपमान टाळायला तुम्ही तिला सव्वीस वर्षं टाकून ठेवलंत. केवढे उपकार.

खोकं मी कचऱ्यात टाकलं आहे. त्याबद्दल पुन्हा लिहू नका.

आता जरा माझं ऐका, कारण मी तुमच्याच विषयात आयुष्य घालवलं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट शिकवते. निरीक्षण म्हणजे निष्कर्ष नव्हे. मधे प्रश्न असतो, अंदाज असतो, तो अंदाज खोटा पाडायचा मनापासून प्रयत्न असतो, आणि तो पुन्हा पुन्हा करायचा असतो. हे कोणी शिकवलं मला? वाटाण्याच्या दोन कुंड्या आणून एक कपाटात आणि एक खिडकीत कोणी ठेवली? कपाटातलं रोप जास्त उंच वाढलं तेव्हा मी घाबरून वहीत उलटं लिहिलं, कारण उजेडातलं मोठं व्हायला हवं असं मला वाटत होतं. तुम्ही ते पान फाडायला लावलंत. म्हणालात, "दिसलं ते लिही. का दिसलं ते नंतर शोधू." मग आपण ते फिकट, लांबोडकं रोप हातात घेऊन बसलो, आणि उजेड शोधत ते कसं नुसतंच ताणलं गेलं ते तुम्ही समजावलंत. त्या दिवशी मी ठरवलं की मोठेपणी हेच करायचं.

तो माणूस आणि हा माणूस एकच, हे मला जमवता येत नाही.

तुमच्या संशोधनाचा आढावा घेते. निरीक्षक एक. नमुने तीन, तेही एकाच घरातले. तुलनेला दुसरं कुटुंब नाही. शेजारचं एखादं घर जरी तपासलं असतंत तरी दिसलं असतं की निम्म्या लोकांची पाळी धड मोकळी नसते आणि धड चिकटलेली नसते, मधलीच काहीतरी असते. पाठ्यपुस्तकातलं ते वाक्य डळमळीत आहे असं तुम्ही घर सोडायच्या कितीतरी आधीपासून छापलेलं आहे. तुम्ही वाचलं नाहीत. बरं, नाही वाचलंत, तरी सगळ्यात सोपी, बिनखर्ची तपासणी खिडकीशी बसून स्क्रू पिळत होती.

गंमत ऐका. मी चौदा वर्षं वर्गात कानाच्या पाळीचंच उदाहरण देते. देखणा तक्ता चुकीचा कसा असू शकतो, यासाठी. मागच्या वर्षी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, आईबाबांची चिकटलेली आणि माझी मोकळी. मग मी कोणाची?" वर्ग हसला. मीही हसले, आणि म्हटलं, "त्यांचीच. घरी जाऊन भांडण लावू नकोस." हे बोलताना माझे दोन्ही कान सगळ्या वर्गासमोर होते, आणि मला आपला तक्ता आठवलासुद्धा नाही.

तुम्ही दर वाढदिवसाला कार्डावर एक कोडं पाठवायचात. मासे झोपतात का, पिकलेलं फळ गोड का लागतं. मी उत्तरं लिहून पाठवायची आणि तुम्ही लाल पेननं तपासून परत. ती सगळी कार्डं माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत. मला वाटायचं, लांब असले तरी बाबा माझेच आहेत. आता वाटतं, तुम्ही शिकवणी घेत होता. कुणाच्याही मुलीची घेतात तशी.

—

२० जुलै

बाबा,

आज आईबद्दल लिहिते. तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही कधी काय विचारलंत?

ती अजून त्याच दुकानात आहे. काचेची कड घासून फ्रेममध्ये बसवायचं काम आता मशीन करतं, पण मशीननं बसवलेली काच सैल आहे का ते तिच्या बोटांना कळतं. मालकाचा मुलगा सगळ्या फ्रेम शेवटी तिच्याकडेच पाठवतो. गिऱ्हाइकाला चष्मा घालून ती दोन पावलं मागे सरते आणि विचारते, "आता काय दिसतंय?" तिच्या तोंडून हा प्रश्न मी हजार वेळा ऐकला असेल.

काल ती दुकानातून आली, आम्ही चहा घेत होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, बाबा नक्की का गेले गं?"

कप खाली न ठेवताच ती म्हणाली, "मी दुकानात लागले म्हणून."

"असं ते म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? मी लागले आणि तीन महिन्यांत ते गेले. घरात यायला उशीर व्हायचा माझा. कधी जेवण तयार नसायचं. पुरुषाला नाही चालत." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पण मला ते काम आवडायचं. म्हणून मी सोडलं नाही. मला वाटलं, येतील राग शांत झाला की."

म्हणजे तिनंही तुमच्यासारखंच केलं. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली. वर्गात मी याला लाल रेघ मारते. पण तुम्ही दोष तिच्यावर टाकलात आणि तिनंही स्वतःवरच टाकला. घरात दोघांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालं नसेल.

दुकानाची दुसरी शाखा निघाली तेव्हा मालकानं तिला तिथं मुख्य म्हणून बोलावलं होतं. हे मला काल पहिल्यांदा कळलं. तिनं नकार दिला, कारण ती शाखा दुसऱ्या गावात होती आणि तुम्ही परत आलात तर घराला कुलूप दिसेल. बाबा, बाईनं आपली बढती कुलपापायी घालवली. तुम्ही तिकडे लोकांच्या पोरांना प्रभावी आणि अप्रभावी शिकवत होता.

तुमचं पार्सल आल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आज बरं वाटलं विचारलंस ते. कोणी विचारतच नाही."

—

८ ऑगस्ट

बाबा,

मी खोटं लिहिलं होतं.

खोकं कचऱ्यात टाकलेलं नाही. पार्सल आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी गालातून काड्या फिरवल्या, नळीत घातल्या, फॉर्मवर सही केली आणि पाठवून दिलं. तुम्हाला आढावा वगैरे लिहीत होते तेव्हा माझा नमुना तपासणीच्या टेबलावर पोचलासुद्धा असेल.

का पाठवला? तुमच्यासाठी नाही. मला शंका आली होती. तुमचं पत्र वाचून झाल्यावर घरी गेले, आई कपडे वाळत घालत होती, आणि मी दारात उभी राहून तिच्याकडे असं पाहिलं जसं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दुकानाचा मालक तेव्हा तरुण होता, तो घरी यायचा का, हे आठवायला लागले. त्याचे कान कसे होते, हेसुद्धा. जी गोष्ट चौदा वर्षं मी स्वतः खोडून काढते, तिच्याच आधारानं. दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की ही वैज्ञानिक वृत्ती आहे, शंका आली तर तपासावं. लाज वाटली नाही. उलट फार शहाणं वाटलं.

काल अहवाल आला. अजून बंद आहे. प्रयोगशाळेत स्लाइडच्या खोक्यांखाली ठेवला आहे. उघडणारच होते, कात्री हातात घेतली होती. बरणीमामा शेजारच्या टेबलावर नव्या मुलांच्या वह्या लावत होते. म्हणाले, "मॅडम, या पोरांनी बघा काय केलंय. स्लाइड न बघताच पुस्तकातली आकृती काढलीय. समोर यंत्र आहे, डोळा लावायला काय जातं?" ते त्या पोरांबद्दल बोलत होते. मी कात्री ठेवून दिली.

तुमच्यावर मी तीन पत्रं आग पाखडली ती कशासाठी? विचारलं नाहीत म्हणून. आणि मी काय केलं? तुम्ही निदान लांब निघून गेलात. मी तिच्याच घरात, तिच्या हातचा चहा पीत, तिला 'सहज' विचारल्यासारखं दाखवत तिचा जबाब घेतला.

तुम्ही केलेला विश्वासघात मला कळत होता. तो माझ्याकडूनही होऊ शकतो, हे माहीत नव्हतं. उद्या रविवार आहे. आईला सगळं सांगते.

—

१७ ऑगस्ट

बाबा,

सांगितलं. लिहायला आठवडा लागला.

रविवारी सकाळी मी तुमचं पत्र, आपल्या तक्त्याची गोष्ट, काड्या, सगळं क्रमानं सांगितलं. बंद लखोटा टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं ती रडेल, निदान तुम्हाला दोन शिव्या घालेल. ती ऐकत राहिली. मधे एकदाच म्हणाली, "कानावरून?" आणि स्वतःच्या कानाला हात लावून पाहिला. मग हसली, खरंच हसली. "आणि मी आपली समजत होते, स्वयंपाकावरून."

मग तिनं विचारलं, "तू पाठवलंस कधी?"

"पाच जुलैला."

तिनं बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे चहाच्या वेळी तू मला विचारलंस, बाबा का गेले म्हणून, तेव्हा हे जाऊन पंधरवडा झाला होता."

मी हो म्हणाले.

"मला वाटलं, पोरीला माझी कणव आली. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर दुकानात त्याच आनंदात होते." हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांचं मी समजू शकते. ते शेवटी बाहेरून आलेले, अकरा-बारा वर्षांची ओळख. तू तर माझ्या पोटात होतीस. तुला कुणाला विचारायचं ते कळू नये?"

मी म्हणाले, "आता विचारते."

"विचार."

"आई, माझे वडील कोण?"

एवढी साधी चार शब्दांची गोष्ट, बाबा. ती तुमच्या तोंडून निघाली नाही आणि माझ्या तोंडून निघायला सव्वा महिना लागला. आई सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तेच. दुसरं कोणी नव्हतं, कधीही नव्हतं."

आणि माझी नजर लखोट्याकडे गेली.

मी मुद्दाम नेली नाही. गेली. क्षणभरच. पण समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं हेच जिचं सव्वीस वर्षांचं काम, तिच्या नजरेतून ते सुटायचं नव्हतं. तिनं लखोटा उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उघड."

"नको आई. माझा विश्वास आहे."

"नाहीये. आत्ता दिसलं मला. उघड, माझ्यासमोर उघड."

मी उघडला. दोन पानं होती, आकड्यांचा तक्ता होता, शेवटी एक ओळ होती. आई म्हणाली तेच त्यात होतं, फक्त टक्क्यांत. वाचून मला हायसं वाटलं, आणि तेही तिनं पाहिलं. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. तुमची अट पूर्ण झाली. मी तुमची मुलगी आहे, यात आता शास्त्राला शंका नाही, आणि मलाही नाही. एका छताखालचं माणूस सोडून कागदाला विचारणारी दुसऱ्या कुणाची असणार?

ती उठली, कप विसळले, पालथे घातले. मग पदराला हात पुसत म्हणाली, "बाप कोण ते कळलं ना? मग आता त्यांच्याकडेच राहा थोडे दिवस. मला घर एकटीला हवंय."

"किती दिवस?"

"ते मी कळवीन."

मी माफी मागितली. तिनं मागू दिली, पण माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. गेले आठ दिवस ती माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं आदरानं बोलते. परवा तिनं मालकाच्या मुलाला फोन करून विचारलं की त्या दुसऱ्या शाखेत अजून कुणाची गरज आहे का. तो हो म्हणाला. घराला कुलूप लागेल, याची तिला आता काळजी दिसत नाही.

तर तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं आहे. मुलगी सिद्ध झाली आणि ती राहायलाही येते आहे. तुम्ही मात्र इकडे यायची तयारी करू नका. आपण दोघं एका घरात कसे राहणार आणि काय बोलणार, मला माहीत नाही. माझ्या रागातला कणभरही कमी झालेला नाही, फक्त तो आता दोघांत वाटला गेला आहे.

काल बॅग भरताना आईला विचारलं, बाबांना काही निरोप आहे का. ती माझ्या बॅगेच्या कुलपाशी खटपट करत होती. म्हणाली, "त्यांनी काही विचारलं नाही. मला काही सांगायचं नाही."

शनिवारी दुपारी पोचते. स्टेशनवर येऊ नका, पत्ता विचारत येईन.

तुमची मुलगी